घरघरीत मिसळलेला आवाज

"गिरणीच्या घरघरीत आवाज लाव रे लेकरा. मग रडलास तरी लोकांना गाणंच वाटतंय."

आईनं हे सांगितलं त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. पिठाच्या गिरणीत दळणाची रांग होती, सिद्रामच्या गुडघ्याला खरचटलं होतं आणि तो भोकाड पसरून रडत होता. आईनं डोक्यावरचा डबा खाली ठेवला, त्याच्या पाठीवर पिठाळ हात ठेवला आणि गिरणीच्या पट्ट्याचा जो एकसारखा सूर चालला होता, त्याच सुरात हळू म्हणू लागली:

गिरण फिरती गरागरा, जोंधळ्याचं झालं पीठ
जिवाचं माझ्या दळण, बाई, झाकून नेते मी नीट

पोराचं रडणं काही थांबलं नाही. ते आईच्या शब्दांना जाऊन चिकटलं, आणि रांगेतल्या बायका म्हणाल्या, "सुरात हाय की गं पोरगं तुझं!"

आता सिद्राम सुतार एकसष्ट वर्षांचा होता. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारे, म्हणजे तारेला गुंजता सूर आणणारे, जे चार-दोन हात उरले होते, त्यातला एक हात त्याचा. तो हात मांडीवर पालथा ठेवून तो मनआरोग्य केंद्रातल्या एका लहानशा खोलीत बसला होता. समोर समुपदेशक वृंदा कुंभोजकर, आणि दोघांच्या मधे टेबलावर यंत्र.

यंत्राचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, वाणीपारख प्रणाली. लोक नुसतं 'पारख' म्हणत. गुळाच्या लहान ढेपेएवढा राखाडी डबा, पुढं जाळी, मागं पंखा. गेली चार-पाच वर्षं नैराश्याचा आजार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी पारखेपुढं बसावं लागे. चाळीस मिनिटं बोलायचं. माणूस काय बोलतो यापेक्षा कसं बोलतो हे ती ऐके: दोन शब्दांमधली अंतरं, श्वास कुठं तुटतो, आणि स्वरकंप. गळ्यातला हा थरथराट इतका बारीक की माणसाच्या कानाला लागत नाही, पण दुःख दाबून बोलताना तो हटकून वाढतो. सगळं ऐकून झालं की पारख एकच गोष्ट सांगे. या माणसाला कोणत्या तऱ्हेच्या बोलण्यानं बरं वाटेल.

"बोलून बरं व्हायचं म्हंजे?" सिद्रामनं विचारलं. "मी बोलायचं का तुमी?"

"दोघांनी, काका. पण बोलण्याच्या तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत डोक्यात येणारा एकेक विचार धरायचा आणि त्याला पुरावा मागायचा, खरंच असं आहे का म्हणून. दुसरीत विचारांच्या मागं लागायचंच नाही. दिवसात छोटी छोटी कामं पेरायची, मन मागनं उगवून येतं. कुणाची नात्यात गाठ बसलेली असते, मग त्या माणसालाच समोर बसवून ती सोडवावी लागते. कुणाला पार लहानपणापर्यंत मागं जावं लागतं."

"मग मला कोणती?"

"ते पारख सांगेल."

"आणि मी सांगितली तर?"

वृंदाला हसू आलं. "सांगा की. कोणती वाटते?"

"दावणीच्या म्हशीला विचारत्यात व्हय, कोणता खुटा पायजे म्हणून? चालू करा तुमचं."

तिनं कळ दाबली. पंखा फिरू लागला. उंऽऽ असा एक मंद, न हलणारा सूर खोलीत पसरला आणि सिद्राम बोलू लागला.

त्यानं सगळं सांगितलं, म्हणजे जे तो सगळ्यांना सांगत आला होता ते. लग्न राहून गेलं. धाकटा भाऊ चिदानंद, घरातला चिदू, त्याच्याच संसारात राहिलो. तंबोऱ्याचं लाकूडकाम आणि जवारी माझ्याकडं, भोपळ्यावरची नक्षी चिदूकडं. दोन वर्षांपूर्वी, वैशाखात, चिदू गेला. स्वतःहून गेला. का ते कुणाला कळलं नाही. पोलिसांनी विचारलं, काही बोलला होता का? न्हाई, काहीच बोलला न्हाई. तवापासून भूक लागत न्हाई, झोप पहाटंच मोडते, तारेवर बोट ठेवलं तरी कुणा दुसऱ्याचंच बोट ठेवल्यागत वाटतंय.

आवाज असा सपाट आणि गोल, जणू पाटावर बसून कुणी पोथी वाचतंय.

चाळीस मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटली. स्वरकंप: अल्प. शिफारस: कृतिउपचार, सोळा भेटी.

"म्हणजे कामं पेरायची तऱ्हा," वृंदा म्हणाली. "तुम्ही कामाचे माणूस, चांगलंच आहे. रोज दोन तास जवारीला बसायचं. आणि बसलात की या तक्त्यावर खूण करायची."

सिद्रामनं तक्ता घेतला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

बाहेरच्या बाकावर राजश्री बसली होती, चिदूची बायको. तिनंच त्याला इथवर आणलं होतं. आणलं म्हणजे, ती दहा पावलं पुढं चालत होती आणि तो दहा पावलं मागं. सुतारांच्या घरात थोरल्या दिरानं भावजयीशी तोंडावर बोलायची चाल नव्हती. बाकी जगानं ती कधीच सोडली होती, पण या दोघांच्या तोंडी तिची इतकी सवय बसली होती की सव्वीस वर्षांत एकमेकांना हाक मारायची वेळच आली नव्हती. चिदू होता तोवर तो मधला पूल होता. लेकी होत्या तोवर लेकी. त्या लग्न होऊन गेल्या, मग मांजर उरलं. "मने, सांग बाई त्यांना, भाकरी गार व्हायलीय," राजश्री चुलीशी म्हणायची. आणि पलीकडून सिद्राम म्हणायचा, "सांग गं, आलोच म्हणावं."

आता मांजर जवळ नव्हतं, म्हणून राजश्री वृंदाकडं बघून म्हणाली, "मॅडम, त्यांना सांगा, पाय जपून टाका. पायरी ओली हाय."

"ऐकलं मी," सिद्राम भिंतीला म्हणाला.

*

तक्ता खुणांनी भरत गेला. एकही दिवस चुकला नाही. वृंदा दर भेटीत तो तक्ता उलगडून बघायची आणि तिला बरं वाटायचं. इतका नेमका रुग्ण तिच्याकडं दुसरा नव्हता.

पाचव्या भेटीला राजश्री दारात रेंगाळली. सिद्राम पुढं निघून गेल्याची खात्री करून आत आली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. पण एक सांगू? बसतात ते कामाला. बरोब्बर दोन तास बसतात. पण उठताना माणूस उठत न्हाई हो. नुसता सदरा उठतोय."

वृंदानं पुन्हा पारख लावली. योजनेच्या नियमाप्रमाणं एका रुग्णाला तीनदाच लावता येई. तिन्हींतून काही निष्पन्न झालं नाही तर रुग्णाला दूरच्या शहरातल्या निवासी विभागात पाठवायचं, सहा महिन्यांसाठी. हे तिनं सिद्रामला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि तो त्याच गोल आवाजात म्हणाला होता, "तिकडं नेलंत तर मी जेवणार न्हाई. एवढं लिहून ठेवा."

दुसऱ्यांदाही तेच आलं. स्वरकंप: अल्प. कृतिउपचार योग्य. कामाचे तास वाढवावेत.

वरिष्ठांना विचारलं तर ते म्हणाले, शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा पारख बरोबर असते, तुमचा-माझा अंदाज साठ वेळासुद्धा नसतो. हे खरं होतं. पारख येण्याआधी किती माणसं चुकीच्या तऱ्हेत महिनोन्महिने अडकून पडत, मग 'बोलून काही होत नाही' म्हणून घरी जात, तेही वृंदानं पाहिलं होतं. तिनं दोनाचे तीन तास केले.

दहाव्या भेटीला सिद्राम आला तेव्हा त्याच्या गळपट्टीत आणखी दोन बोटं मावली असती. त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. बारीक दातांची एक कानस होती. मूठ हाताच्या घामानं काळी आणि गुळगुळीत झालेली.

"आमच्या वडलांची. तुमच्याकडं असू द्या, ताई."

"मला काय करायची, काका? तुमच्या कामाची आहे."

"माझं काम होत आलं की."

माणूस आपल्या जिवाच्या वस्तू वाटायला लागला की काय विचारायचं, हे तिला शिकवलं होतं, आणि आडवळणानं विचारायचं नाही हेही. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"सिद्रामकाका, जगणं नकोसं झालंय का? संपवावं असं मनात येतं का?"

छताच्या पंख्याचा सूर चालू होता. "तसं काय न्हाई," सिद्राम म्हणाला. जराही न हलता.

तिचा विश्वास बसला नाही. पण तो का बसत नाही, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं राजश्रीला आत बोलावलं, त्याच्यादेखतच सांगितलं की काकांना आता एकटं ठेवायचं नाही, घरात काय जपून ठेवायचं ते सांगितलं, रात्रंदिवस लागणारा मदतीचा नंबर लिहून दिला. राजश्रीनं तो कागद पदराच्या गाठीत बांधला. नंतर कानस फडक्यात पुन्हा गुंडाळून वृंदा म्हणाली, "ही घेऊन मी तुमच्याबरोबर घरी येते. आत्ता. तुम्ही यानं करता तरी काय ते मला बघायचंय."

*

पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, मधे दार नसलेली चौकट. भिंतीला तंबोरे उभे होते, पोट भिंतीकडं करून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. भीमेकाठून आलेले भोपळे आढ्याला टांगलेले. काही भोपळ्यांवर नक्षीच्या वेली अर्ध्यावर थांबल्या होत्या. त्या कुणी थांबवल्या हे विचारायची गरज नव्हती.

वृंदाला बुटक्या मोढ्यावर बसवून सिद्रामनं एक तंबोरा आडवा मांडीवर घेतला. तारा जिच्यावरून जातात ती घोडी दाखवली. बोटाच्या दोन पेरांएवढी रुंद, वरून सपाट वाटणारी.

"सपाट दिसती. पण सपाट न्हाई. नांगरलेल्या रानाला उतार असतो न्हवं, दिसत न्हाई, पाण्याला कळतो. तसा. तो उतार कानसीनं काढायचा. केसभर जास्त झाला की तार मुकी." मग तारेखाली त्यानं दोरा सरकवला, छेडलं, दोरा जरा मागं घेतला, पुन्हा छेडलं. एका क्षणी तार एकटी राहिली नाही. तिच्यातून दुसरी, तिसरी, सातवी अशा तारा फुटून निघाल्या आणि खोलीभर झाल्या.

"अहो, हे तर..." वृंदा म्हणायला गेली तोच चौकटीतून राजश्रीनं तिचा दंड धरला. "जवारीच्या वेळी बोलायचं नसतंय, मॅडम," ती कुजबुजली. "सासूबाई तर पोरांना चिंचेखाली नेऊन बसवायच्या. घरात भांडं वाजलं तरी सासरे कानस फेकायचे. एवढं जपावं लागतंय. एकदा कान बिघडला की दिवस गेला."

तासाभरानं काम थांबलं. राजश्रीनं चहा आणला. सिद्रामचा कप तिनं मनीसमोर फरशीवर ठेवला आणि मनीलाच म्हणाली, "उकळता हाय." वृंदाला हसू आवरेना, आणि सिद्रामच्याही मिशीत काहीतरी हललं.

त्यानंतर तो बोलत बसला. तंबोरे आता कोण घेतो, गाणारे खिशातल्या यंत्रावर सूर लावतात, जवारीसुद्धा परदेशात किरणांनी काढतात म्हणे. स्वयंपाकघरातला जुना फ्रिज घरघरत होता. सिद्रामचा आवाज तसाच गोल, तसाच सपाट.

"आणि चिदूची नक्षी बघा. ही वेल, हिला सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते..."

खट् करून फ्रिज बंद पडला.

सिद्रामचा आवाज घसरला. पाण्यात पायाखालची वीट सरकावी तसा तो शब्द तिरपा झाला, फाटला, आणि थांबला. त्यानं खाकरून पाहिलं. कप उचलला, खाली ठेवला. दोनतीन मिनिटं तो कपाची कड अंगठ्यानं पुसत राहिला. मग फ्रिज पुन्हा घरघरू लागला आणि सिद्राम म्हणाला, "...ते सांगता येत न्हाई." गोल, सपाट.

वृंदानं चहा तसाच ठेवला.

"काका, आत्ता काय झालं?"

"काय न्हाई. सवय हाय एक. कुठला बी आवाज चालू असू दे, गिरण, मोटर, पंखा, माझा गळा त्याला जाऊन टेकतो. आईनं लावलेली सवय. टेकायला मिळालं की बोलायला सोपं जातंय."

*

त्या दुपारी केंद्रात परतल्यावर वृंदानं पारखेनं केलेल्या दोन्ही नोंदी उघडल्या. निष्कर्षाचं पान बाजूला सारलं आणि खालचे आलेख काढले, जे कुणी बघत नसे. पारख स्वतःच्या पंख्याचा आवाज वगळूनच ऐके. तो सूर तिला ठाऊक होता, म्हणून ध्वनिमुद्रणातून तेवढी पट्टी ती आधीच पुसून टाकी. प्रत्येकाच्या आलेखात तिथं एक पांढरी रेघ असे, केसासारखी. त्या रेघेनं कुणाचंच बिघडत नसे, कारण माणसाचा आवाज चढत-उतरत असतो, त्या रेघेवर क्षणभरच येतो.

सिद्रामच्या आलेखात ती रेघ केसासारखी नव्हती. चाळीस मिनिटं त्याचा आवाज त्या सुरावर, आणि त्या सुराच्या पटीतल्या सुरांवर, टेकून बसला होता. यंत्र आपला आवाज पुसत गेलं आणि त्याबरोबर त्याच्या गळ्यातला थरथराटही पुसला गेला. उरलं ते फक्त शहाणं, नेमकं, शांत बोलणं. तेवढं ऐकून पारखेनं निर्णय दिला होता, आणि तो निर्णय हातात धरून वृंदानं त्याला रोज तीन तास त्याच जागेवर बसवलं होतं, जिथं बसवायला नको होतं. का नको, ते तिला अजून माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की ते ठिकाण त्याला खातंय.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, आणि मी सांगितली तर? ती हसली होती. तो प्रश्न तिनं कुठंच लिहून ठेवला नव्हता.

तिसरी आणि शेवटची पारख दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. यंत्राचा पंखा काढून ती घेणार असल्याचं वृंदानं वरिष्ठांना कळवलं. त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. पारखेचा पंखा सोडवला की ती तापून सातेक मिनिटांत बंद पडणार, आणि बंद पडली तरी तिसरी संधी वापरली गेली असंच धरलं जाणार. तिनं लशींच्या पेटीतल्या गार पिशव्या आणून यंत्राभोवती रचल्या. खिडक्या लावल्या. छताचा पंखा बंद केला. खोलीत उकाडा दाटला आणि आवाज नावाची गोष्टच उरली नाही.

सिद्राम खुर्चीत बसला. मान जराशी तिरकी करून तो ऐकू लागला. कोपऱ्यात, छताला, दाराच्या फटीत. तहानलेला माणूस रिकाम्या घागरी हलवून बघतो तसा.

"पंखा लावा की, ताई."

"नाही काका. आज असंच."

"गरम होतंय."

"सात मिनिटं."

एक मिनिट असंच गेलं. मग दुसरं. वृंदा पडद्याकडं बघत नव्हती, त्याच्या गळ्याकडं बघत होती. घाटी वर गेली, अडकली, खाली आली.

"माझं नाव सिद्राम," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. किती म्हातारा होता तो. "मी जवारी काढतो. माझा भाऊ... नक्षी... चिदू..."

त्यापुढं जे आलं त्यात शब्द फारसे नव्हतेच. चिदूचं नाव चार-पाचदा आलं, 'वेल' आलं, 'दुपार' आलं. सहाव्या मिनिटाला पारखेवरचा लाल दिवा लुकलुकू लागला. वृंदानं दोन्ही तळव्यांनी गार पिशव्या डब्यावर दाबून धरल्या. पडदा विझायच्या आधी अक्षरं आली.

स्वरकंप: तीव्र. कृतिउपचार थांबवावा. शिफारस: नातेउपचार. जवळची व्यक्ती समोर असणे आवश्यक.

सिद्रामनं ते दोनदा वाचलं. "जवळची व्यक्ती म्हंजे?"

"घरात कोण आहे तुमच्या?"

तो उठलाच. "ती तऱ्हा नको मला. दुसरी कोणती बी द्या. लहानपणात जायची ती द्या."

"देता येईल," वृंदा म्हणाली. "पारखेनं आत जायचं दार दाखवलंय. आत काय ठेवलंय ते तिला माहीत नाही, मलाही नाही, आणि तुम्हाला ढकलायचा हक्क तर कुणालाच नाही. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, मी सांगितली तर चालेल का. मी ते थट्टेवारी नेलं, चुकलं माझं. आता खरंच विचारते. तुम्हाला कोणती हवी?"

सिद्राम दाराची कडी धरून उभा राहिला. त्याच्या पाठीवरचा सदरा घामानं चिकटला होता, आणि पहिल्यांदाच वृंदाला त्या सदऱ्यात माणूस दिसला.

"समोर बसून बोललो," तो कडीला म्हणाला, "आणि त्या माणसानं नंतर माझं तोंड बघायचं न्हाई म्हटलं तर? मग माझं ह्या जगात कोण ऱ्हातंय?"

"तसं होऊ शकतं," वृंदा म्हणाली. खोटं सांगणं सोपं होतं. "तसं झालं तर मी आहे. आणि न बोलता जे होतंय, ते आपण दोघंही बघतोय."

"उद्या सांगतो."

*

दुसऱ्या दिवशी तो सांगायला आला नाही, बसायलाच आला. राजश्रीही आली. आज ती दहा पावलं पुढं नव्हती, चारच होती.

दोन खुर्च्या समोरासमोर. पंखा बंद. राजश्रीनं पदर खांद्यावरून पुढं घेतला, नजर फरशीवर ठेवली आणि सवयीनं वृंदाकडं वळून म्हणाली, "मॅडम, त्यांना विचारा..."

"मी नाही विचारणार, राजश्रीताई. ते इथंच बसलेत."

"असं कसं? आमच्यात..."

"माहीत आहे. तरी."

राजश्रीच्या हातात रुमाल होता. त्याची ती गुंडाळी करत राहिली, सोडत राहिली. शेवटी फरशीशीच बोलू लागली, पण आता मधे कुणी नव्हतं.

"दोन वर्षं झाली. मी रोज एकच करते. त्या आठवड्यात काय रांधलं होतं, काय बोलले होते, कुठला शब्द लागला असंल, ते परत परत आठवते. मंगळवारी मी मिठावरनं बोलले होते त्यांना. तेच असंल का? शेजारी झोपत होता माणूस. शेजारी. आणि मला कळलं न्हाई. लेकी फोनवर विचारतात, आई, बाबा काहीच कसं बोलले न्हाईत गं तुला? मी काय सांगू? कुणाला म्हणजे कुणालाच एका शब्दानं बोलले न्हाईत ते. सख्ख्या भावाला न्हाई. मग वाटतंय, मीच असली कसली बाई, की माझ्या घरात माणसाला तोंड उघडावंसं वाटलं न्हाई..."

तिचा आवाज कशालाही टेकलेला नव्हता. तो जिथं पडायचा तिथं पडत होता.

सिद्राम ऐकत होता. ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही पंजे गुडघ्यांवर रुतलेले. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धडधड खिडकीच्या काचेत भरली. वृंदानं पाहिलं, त्याची मान तिकडं झुकली, गळा त्या आवाजाकडं सरकला. ट्रॅक्टर वळला. धडधड लांब गेली आणि संपली.

"राजश्री," तो म्हणाला.

सव्वीस वर्षांत त्यानं हे नाव कधी घेतलं नव्हतं. राजश्रीनं मान वर केली आणि थोरल्या दिराच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"चिदू बोलला होता."

तिच्या हातातला रुमाल थांबला.

"पोलिसांना मी खोटं सांगितलं. तुला बी. तुझा काय दोष न्हाई, मिठाचा न्हाई, कशाचाच न्हाई. तो माझ्याकडं आला होता. तीन दिवस, रोज दुपारी. मी जवारीला बसलेलो असायचो आणि तो येऊन शेजारी टेकायचा." आवाज फाटत होता, तो फाटू देत होता. "पहिल्या दिवशी म्हणाला, दादा, झोप लागंना झालीय. मी नुसतं हूं केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, दादा, आतनं सगळं बंद पडल्यागत झालंय, राजीला सांगू नको, भिईल ती. मी म्हटलं, मग बोलू रे, कान बिघडतोय माझा. मग म्हंजे कवा, ते त्यानं विचारलं न्हाई आणि मी बी सांगितलं न्हाई."

त्यानं श्वास घेतला. तो मधेच तुटला.

"तिसऱ्या दिवशी आला. बसला. बोलायला तोंड उघडलं त्यानं, मला कळलं तेवढं. मी वर बघितलंसुद्धा न्हाई. असा हात केला नुसता. थांब म्हणून." त्यानं हात उचलून दाखवला आणि तो तसाच हवेत राहिला. "तो थांबला, राजश्री. तार जुळली तवा मी वळून बघितलं, तर शेजारी कोणच नव्हतं. दोन वर्षं मी तिथंच बसलोय. तू त्याची बायको, तुला तरी ठावं असंल... त्या दिवशी काय सांगणार होता गं तो?"